राज्य गेले, रस्ता राहिला : छत्रपती प्रतापसिंह महाराज

सातारा शहरात छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव पावलोपावली भेटते. प्रतापगंज पेठ त्यांच्या नावाची आहे, नगरवाचनालय त्यांच्या नावाचे आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी जुन्या राजवाड्यातील ज्या शाळेत प्रवेश घेतला, ती शाळाही आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणूनच ओळखली जाते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मात्र महाराजांची ओळख बहुधा एका ओळीत आटोपते. इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठविलेले साताऱ्याचे छत्रपती, एवढेच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते. त्यांचे राज्य कसे गेले हे सर्वांना ठाऊक असते. ते राज्य त्यांनी कसे चालविले, याची चर्चा फारशी होत नाही.

त्या कारभारातील एक प्रकरण आजच्या वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. ते रस्त्याचे आहे. पावसाळा आला की सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील वाहनचालक खड्डे मोजू लागतात, घाटात दरड कोसळल्याच्या बातम्या येतात आणि जुन्या पुलांची काळजी वाटू लागते. निधी नाही, हे उत्तर ठरलेले असते. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी, वार्षिक सुमारे १५ लाख रुपयांचा महसूल असलेल्या आणि प्रत्येक निर्णयावर रेसिडेंटची नजर असलेल्या एका छोट्या राज्याने सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता नेला होता. तो नेणारे राजे म्हणजे प्रतापसिंह महाराज. या रस्त्याने त्यांना कीर्ती दिली; पण राज्य मात्र वाचविले नाही.

कैदेतले बालपण

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ रोजी झाला. त्यांचे वडील दुसरे शाहू महाराज हे साताऱ्याच्या गादीवर होते. पण गादी आणि सत्ता यांची फारकत होऊन तोवर बराच काळ लोटला होता. नव्या पेशव्यांची वस्त्रे साताऱ्याहून जात, मात्र राज्याचा हुकूम पुण्याहून निघे. छत्रपतींचे कुटुंब अजिंक्यतारा किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेत राही. कोणाला भेटावे, कोठे जावे, खर्चाला किती रक्कम मिळावी, हे सारे पेशव्यांचे कारभारी ठरवीत. महाराजांचे चुलते चतुरसिंग यांनी या स्थितीविरुद्ध हत्यार उपसले. त्यांचा शेवट कांगोरीच्या किल्ल्यावर कैदेतच झाला.

मे १८०८ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी प्रतापसिंह गादीवर आले. गादीवर आले म्हणजे नाव बदलले, एवढेच. पहारे तेच राहिले. मातोश्री माईसाहेब या करारी आणि जाणत्या होत्या. मुलाला लिहिणे-वाचणे आले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. पहारेकऱ्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी मुलांचे शिक्षण गुपचूप, रात्रीच्या वेळी केल्याची हकिकत साताऱ्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, पुढील आयुष्यात लेखणी आणि हिशेबाची वही यांच्यावर महाराजांचा जो जीव जडला, त्याचे मूळ या बंदिवासात शोधावे लागते.

१८१७ मध्ये इंग्रज आणि दुसरे बाजीराव यांच्यात युद्धाला तोंड फुटले. छत्रपती इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून बाजीरावांनी राजकुटुंबाला प्रथम वासोट्याच्या दुर्गम किल्ल्यावर ठेवले आणि नंतर आपल्या पळत्या फौजेबरोबर घेतले. फेब्रुवारी १८१८ मध्ये पंढरपूरजवळच्या आष्टी येथे ही फौज गाठली गेली. सेनापती बापू गोखले रणात पडले, बाजीराव निसटले आणि पंचवीस वर्षांचे प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री व बंधू यांच्यासह, इंग्रजांच्या छावणीत आले. एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात, असाच तो प्रवास होता. फरक एवढाच की नव्या सत्ताधीशाला छत्रपतींच्या नावाची गरज होती. मराठी मुलखातील असंतोष शांत करण्यासाठी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साताऱ्याचे राज्य उभे करण्याचे ठरविले आणि एप्रिल १८१८ मध्ये प्रतापसिंहांना पुन्हा गादीवर बसविले.

हिशेब शिकलेले राजे

२५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहाने या राज्याच्या सीमा ठरल्या. उत्तरेस नीरा, दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख, असे त्याचे स्वरूप होते. तहात एक जाचक कलम होते. रेसिडेंटच्या मध्यस्थीशिवाय महाराजांनी राज्याबाहेरील कोणाशीही पत्रव्यवहार किंवा संबंध ठेवू नये, असे त्यात म्हटले होते. पुढे वीस वर्षांनी याच कलमाचा फास त्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला.

प्रारंभीची तीन-चार वर्षे कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट यांच्या हाती होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ ते हेच. साताऱ्याच्या दप्तरातील कागद त्यांना पाहायला मिळाले, ते महाराजांच्या सहकार्यामुळे. ग्रँट यांनी तरुण राजाला कारभाराचे धडे दिले. कोणत्या परगण्यातून किती वसूल येतो, शिबंदीवर किती जातो, देवस्थाने आणि इनामे किती, शिल्लक काय राहते, हे महाराज स्वतः पाहू लागले. एप्रिल १८२२ मध्ये सर्व अधिकार त्यांच्याकडे सोपविण्यात आले. तोपर्यंत त्यांनी कारभाराच्या बारीकसारीक गोष्टींवर पकड मिळविली होती. रोजच्या घडामोडींची नोंद ठेवण्याची त्यांना सवय होती आणि त्यांच्या रोजनिशीचे कागद आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

अधिकार हाती येताच महाराजांनी साताऱ्याला राजधानीचे रूप देण्यास सुरुवात केली. किल्ल्यावरचा राजपरिवार कायमचा शहरात आला. पेठा वसविल्या गेल्या, राजवाडा उभा राहिला, शहराला पाणी पुरविण्याची कामे झाली. राजवाड्यात ग्रंथसंग्रह जमला, पाठशाळा सुरू झाली. राज्याची मोजणी करण्यात आली. स्वतःला कोंडून ठेवलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी या राजाने मोकळे, रुंद रस्त्यांचे शहर आखावे, यात त्यांच्या मनाची घडण दिसते.

घाटवाटांचा मुलूख

त्या काळात दख्खनमध्ये रस्ता या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा फार वेगळा होता. माणसांच्या, घोड्यांच्या आणि बैलांच्या पायांनी मळलेली वाट म्हणजे रस्ता. कोकणातून मीठ, मासळी आणि नारळ वर येत आणि देशावरून धान्य, गूळ, कापड खाली जाई, ते लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून. गाडी घाटाच्या पायथ्याशी किंवा माथ्याशी थांबे. नद्यांवर पूल जवळजवळ नव्हते. उन्हाळ्यात उतारातून पलीकडे जायचे आणि पावसाळ्यात तर किंवा सांगडीची वाट पाहायची. कृष्णा, वेण्णा, कोयना, उरमोडी यांना पूर आला की गावेच्या गावे एकमेकांपासून तुटत. मुंबई-पुण्यादरम्यानचा बोरघाटसुद्धा चाकांच्या वाहनांसाठी १८३० मध्ये खुला झाला. मुंबई सरकारची ही अवस्था, तर साताऱ्याच्या छोट्या राज्याची काय कथा.

या प्रदेशात रस्ता बांधण्यापेक्षा तो टिकविणे अवघड. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डोंगरउतारावरून येणारे पाणी रस्त्याच्या कडेच्या चरातून वाहून मोरीतून दरीत गेले, तर रस्ता तरतो. चर गाळाने भरला किंवा मोरी दगड-पाचोळ्याने तुंबली, की तेच पाणी रस्त्यावरून धावते, खडी उचकटते आणि दरीकडची कड घेऊन जाते. घाटरस्त्याचे हे गणित १८२६ मध्ये होते, तसेच आजही आहे. त्यामुळे घाटात रस्ता काढायचा म्हणजे एकदाचा खर्च करून मोकळे होणे नव्हे. दर पावसाळ्यानंतरचा खर्च कायमचा अंगावर घेणे असते.

महाबळेश्वरचा रस्ता

१८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्यातील इंग्रज लष्करी अधिकारी लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेले. थंड हवेने ते भारावले आणि आजारी गोऱ्या सैनिकांसाठी ही जागा उत्तम असल्याचे त्यांनी जाहीरपणे मांडले. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र म्हणून महाबळेश्वर मराठी माणसाला शतकानुशतके माहीत होते. इंग्रजांना ते तेव्हा कळले. पुढे साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी १८२६ च्या सुमारास महाराजांपुढे राजधानीपासून पठारापर्यंत गाडीरस्ता करण्याची कल्पना मांडली. महाराजांनी ती मान्य केली आणि आपल्या खजिन्यातून काम करून दाखविले.

सातारा सोडून वेण्णेच्या खोऱ्याने मेढ्याकडे, तेथून केळघरमार्गे चढत चढत माथ्यावर, असा हा जावळीच्या मुलखातील मार्ग. अंतर आजच्या हिशेबाने पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. सुरुंग, पहारी, घण आणि माणसांचे हात एवढ्याच साधनांवर डोंगर फोडायचा होता. अफझलखानाच्या फौजेला ज्या जावळीच्या रानाने घाम फोडला, त्याच रानातून आता बैलगाडी आणि घोडागाडी जाऊ लागली. या रस्त्याचा लाभ फक्त हवा खायला येणाऱ्या साहेबांना झाला असे नाही. वेण्णा खोऱ्यातील गावे राजधानीला जोडली गेली, क्षेत्र महाबळेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय झाली आणि डोंगरी मुलखाचा माल साताऱ्याच्या बाजारात सुलभपणे येऊ लागला.

१८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम महाबळेश्वरला आले आणि त्या जागेच्या प्रेमातच पडले. पुढील वर्षी तह होऊन पठारावरील जागा कंपनी सरकारला देण्यात आली आणि तिच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव साताऱ्याच्या राज्याला मिळाले. नव्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. मुंबईहून जलमार्गाने बाणकोटच्या खाडीतून महाडकडे यायचे आणि तेथून घाट चढून महाबळेश्वर गाठायचे, हा मार्ग सरकारला सोयीचा होता. त्यासाठी कामाची वाटणी झाली. पठारापासून पार घाटाच्या माथ्यापर्यंतचा रस्ता महाराजांनी करावा आणि तेथून खाली महाडच्या दिशेचा रस्ता सरकारने करावा, असे ठरले. महाराजांनी आपला वाटा उचलला. देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या साखळीतील एक मोठी कडी अशा रीतीने साताऱ्याच्या खजिन्यातून घडली.

कर्तबगारीची किंमत

१८३५ पर्यंत महाराजांची प्रतिमा आदर्श राजाची होती. लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी त्यांच्या उत्तम कारभाराची प्रशंसा करणारे पत्र आणि रत्नजडित तलवार पाठविण्याचे ठरविले. पण मुंबई सरकारने ही भेट महाराजांपर्यंत कधी पोहोचू दिली नाही. तोपर्यंत वारे फिरले होते.

वादाचे मुख्य कारण जहागिऱ्या हे होते. औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरासाहेब हे जहागीरदार तहानुसार साताऱ्याच्या अधिपत्याखाली होते. त्यांच्यापैकी कोणी निपुत्रिक वारले तर जहागीर कोणाकडे जाणार, साताऱ्याकडे की कंपनीकडे, यावर मतभेद झाला. महाराजांनी तहाच्या कलमांवर बोट ठेवून आपला हक्क मांडला. संचालक मंडळाचा कौल महाराजांच्या बाजूचा असतानाही मुंबई सरकारने तो त्यांना कळविला नाही. हिशेबाची जाण असलेला, कागद वाचणारा आणि हक्काच्या रकमेसाठी भांडणारा संस्थानिक मुंबईच्या अधिकाऱ्यांना डोईजड वाटू लागला.

घरच्या आघाडीवरही विरोधक होते. क्षत्रियांचा वेदोक्त संस्कारांचा अधिकार आणि कायस्थ प्रभूंच्या हक्कांचा प्रश्न यांत महाराजांनी ठाम भूमिका घेतली. त्यामुळे कर्मठ मंडळी बिथरली. सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन या विरोधाचे एक प्रमुख होते आणि साताऱ्यात बाळाजीपंत नातू यांचे इंग्रज अधिकाऱ्यांशी घनिष्ठ संबंध होते. राजकीय वैर आणि सामाजिक वैर यांची अशी हातमिळवणी झाली.

१८३६ मध्ये महाराजांवर आरोप ठेवण्यात आले. साताऱ्यातील देशी पलटणीच्या सुभेदारांना फितविण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार असे ते आरोप होते. चौकशी झाली, पण तिचे कागद महाराजांना नीट पाहू दिले गेले नाहीत. खोटी कागदपत्रे आणि विकत घेतलेल्या साक्षी यांवर हे प्रकरण उभे केल्याची तक्रार त्यांच्या पक्षाने अखेरपर्यंत केली.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. चूक झाल्याचे मान्य करणाऱ्या लेखावर महाराजांनी सही केली, तर गादी कायम राहील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. सही केली असती तर राज्य वाचले असते. महाराजांनी नकार दिला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन मिळणारी गादी त्यांना नको होती. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. राजवाड्याला फौजेचा वेढा पडला आणि महाराजांना शहराबाहेर नेण्यात आले. कोठेही प्रतिकार झाला नाही, कारण महाराजांनी तो होऊ दिला नाही. तेथून त्यांची रवानगी काशीस झाली. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे निष्ठावंत बाळासाहेब सेनापती यांचे निधन झाले.

लंडनमधील झुंज

काशीत महाराजांनी आठ वर्षे काढली. आपली बाजू ऐकून घ्यावी, खुली चौकशी करावी, एवढीच त्यांची मागणी होती. ती घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे झगडत राहिले. या लढ्यातील एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. महाबळेश्वरच्या रस्त्याची कल्पना मांडणारे ब्रिग्ज आणि ते पठार इंग्रजांच्या नजरेस आणणारे लॉडविक हे दोघेही पुढे महाराजांवर अन्याय झाल्याचे इंग्लंडमध्ये सांगत राहिले. दोघांनीही साताऱ्यात रेसिडेंट म्हणून काम केले होते, महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता. पण निकाल बदलला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीत प्रतापसिंह महाराजांचे देहावसान झाले. साताऱ्याची माती पुन्हा त्यांच्या पायांना लागली नाही. लंडनहून परतलेल्या रंगो बापूजींनी १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. ती फसली, त्यांच्या पुत्रासह सतरा जणांना मृत्युदंड झाला आणि स्वतः रंगो बापूजी कोठे गेले, याचा थांग कोणालाही लागला नाही.

महाराजांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले होते. त्यांच्या कारकीर्दीतही रस्ते, पूल, पाणीपुरवठा आणि दवाखाना यांवर राज्याचा पैसा खर्च होत राहिला. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये त्यांनीच बांधविला. ५ एप्रिल १८४८ रोजी ते निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसी यांनी नामंजूर केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत खालसा करण्याच्या विरुद्ध होते. तरीही सातारचे राज्य खालसा झाले. प्रतापसिंहांनी बांधलेला रस्ता मुंबई सरकारच्या दप्तरात जमा झाला.

खर्च कोणी करायचा?

राज्य खालसा झाल्यानंतर एक मूलभूत बदल घडला. साताऱ्याच्या रस्त्यासाठी साताऱ्याच्या महसुलातून किती पैसा द्यायचा, हे साताऱ्यात ठरेनासे झाले. निर्णय मुंबईला आणि कलकत्त्याला होऊ लागले. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. तिचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी आणि उरलेला रस्ते व इतर कामांसाठी होता. म्हणजे शेतकऱ्याने सारा भरायचा आणि रस्त्यासाठी वेगळी पट्टीही द्यायची. मोठ्या हमरस्त्यांकडे सरकारचे लक्ष राहिले; तालुक्यांचे रस्ते लोकल बोर्डांच्या तुटपुंज्या शिलकीवर सोडले गेले.

हा प्रश्न १९२७ मध्ये देशपातळीवर ऐरणीवर आला. मोटारी वाढल्या होत्या आणि बैलगाडीच्या रस्त्यांचा चुरा होत होता. केंद्र सरकारने रस्ते विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे नामवंत कायदेपंडित मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांना आणि प्रांतांना एकट्याने पेलवणारा नाही, असा निष्कर्ष जयकर समितीने काढला आणि पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, अशी शिफारस केली. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. याच वर्षी सांगली संस्थानात कृष्णेवरचा आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला. आजही सांगलीकर कृष्णेचा पूर याच पुलाजवळच्या पातळीवरून मोजतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती.

निधीची व्यवस्था झाली, कायदे झाले, योजनांची नावे बदलली. तरीही देखभालीसाठी पैसा कमी पडतो, हे दुखणे कायम आहे. नव्या कामाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, फलकावर नावे झळकतात. मोरी साफ करण्याच्या कामाची कोनशिला कधी बसत नाही. अंदाजपत्रकात कात्री लागते ती अशाच खर्चाला. बांधणाऱ्यांचीही अवस्था वेगळी नाही. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांना सार्वजनिक बांधकाम व इतर खात्यांकडील हजारो कोटी रुपयांच्या थकीत देयकांसाठी आंदोलन करावे लागले. देयक वेळेवर मिळत नसेल तर दुरुस्ती वेळेवर कशी होणार, हा साधा प्रश्न आहे.

त्याची किंमत काय असते, हे महाडने पाहिले. प्रतापसिंहांचा रस्ता ज्या महाडच्या दिशेने उतरत होता, त्याच महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार प्रवाशांसह वाहून गेल्या. दगडी पूल वरून भक्कम दिसतो; पण पुराचे पाणी खांबांच्या पायाखालची वाळू-माती उकरीत असते आणि ते पाण्याखाली उतरून तपासल्याशिवाय कळत नाही. नवा पूल विक्रमी वेळात बांधून जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला. म्हणजे पैसा होता, यंत्रणा होती आणि इच्छाही होती. जुना पूल पडण्यापूर्वी मात्र यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला आले नव्हते. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून पर्यटकांचे बळी गेले, तेव्हा पुन्हा तीच चर्चा झाली.

सातारा जिल्ह्याला जुलै २०२१ मध्ये मोठा तडाखा बसला. महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव या गावांवर दरडी कोसळून जीवितहानी झाली, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी खचला आणि डोंगरी गावांचा संपर्क तुटला. १८२० च्या दशकाआधी पावसाळ्यात ही गावे जशी एकाकी पडत, तशीच ती पुन्हा एकाकी पडली. रस्ता गेला की रुग्ण दवाखान्यात पोहोचत नाही, दूध डेअरीपर्यंत जात नाही, मुले शाळेला मुकतात. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा माल जागच्या जागी सडतो. डोंगरात रस्ता म्हणजे सोय नव्हे, ती जगण्याची दोरी असते.

आठवण कशी ठेवावी

प्रतापसिंह महाराजांच्या काळाचे गोडवे गाऊन आजचे प्रश्न सुटणार नाहीत. त्यांच्या रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आजच्या रस्त्यावर अवजड ट्रेलर आहेत. त्यांचे राज्य लहान होते, वाहतूक तुरळक होती, शिवाय तो रस्ता रेसिडेंटच्या सूचनेवरून झाला आणि त्याचा मोठा लाभ इंग्रजांनी उठविला, हेही विसरता येत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकावीच लागेल. मर्यादित महसूल ही त्यांनी हात आखडण्याची सबब केली नाही. वसूल किती, खर्च किती आणि शिलकेतून लोकांच्या उपयोगाचे काय करता येईल, याचा विचार त्यांनी स्वतः वही उघडून केला. राज्य केव्हाही हिरावले जाईल अशा परिस्थितीत राहणाऱ्या माणसाने पुढच्या पिढ्यांना पुरेल अशा कामात पैसा घातला, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण मानले पाहिजे.

आज साताऱ्याहून मेढा, केळघर करीत महाबळेश्वरला जाणारा प्रवासी हिरव्या खोऱ्याकडे पाहत पुढे जातो. हा मार्ग प्रथम कोणी घडविला, याची त्याला कल्पना नसते. तेथे मोठे स्मारक उभारण्याची गरज नाही. घाटातील प्रत्येक मोरी मे महिन्याच्या अखेरीस मोकळी असावी, प्रत्येक जुन्या पुलाची पाहणी कागदावर न राहता नदीपात्रात उतरून व्हावी आणि त्यासाठीची रक्कम दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळी राखून ठेवलेली असावी. साताऱ्याच्या या छत्रपतीला त्यापेक्षा योग्य आदरांजली दुसरी असू शकत नाही.